काकी डाव्या कानात

गळ्यातली गाठ कापायची तर तिच्यासोबत आवाजाची पेटीही काढावी लागेल, असं मुंबईच्या डॉक्टरने सांगितलं, तेव्हा राघोने एवढंच विचारलं, "मंग दुसरी कवा बसवनार?" उभी हयात टोकावड्याच्या भातगिरणीत काढलेला माणूस तो. पट्टा तुटला की नवा पट्टा, बेअरिंग गेलं की नवं बेअरिंग, हेच त्याला ठाऊक. डॉक्टर तरुण होता, पण माणूस बरा होता. तो हसला नाही. "काका, दुसरी नसते," तो म्हणाला. "जीव वाचेल. आवाज राहणार नाही." शेजारच्या स्टुलावर सकुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. कमी बोला असं तिला सांगितलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने कुणाचं तरी मुकाट्याने ऐकलं होतं.

सकुबाईचा आवाज जाणार म्हणजे नुसतं एका बाईचं बोलणं बंद होणार, एवढंच नव्हतं. सकुबाई धवलारीण होती. हळद दळण्यापासून नवरी सासरी निघेपर्यंत लग्नाच्या एकेका कामाचं गाणं असतं, तो धवला. त्यात देवांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं असतं, आणि ते बोलावणं धवलारणीनेच करायचं असतं. भटजीला उशीर झाला तर माणसं चहा पीत बसत, पण सकुबाई आल्याशिवाय नवरीला हळद लागत नसे. मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत तिने किती लग्नं गायली, ते तिलाही सांगता आलं नसतं. आता नव्या पोरींना धवले येत नाहीत, आणि येत नाहीत याचं कुणाला काही वाटतही नाही. डीजे सांगितला की काम भागतं.

आणि राघो? त्याने बायकोचा धवला धड कधी ऐकलाच नव्हता. एक तर गिरणीच्या घरघरीने त्याचे कान निम्मे गेलेले. कुणी कानाशी येऊन बोललं तरच समजायचं, आणि स्वतः बोलायचा तो पलीकडच्या आळीला ऐकू जाईल असा. शिवाय धवला हे बायकांचं काम. बायका आत जात्यापाशी, पुरुष बाहेर चुलाणापाशी भाताची डेग सांभाळत. आतून सकुबाईचा सूर यायचा आणि राघो म्हणायचा, "चालू झाली बघा आमची," आणि पुन्हा डेगेत उलथनं घालायचा. त्यात काय ऐकायचं? ती घरातच तर होती.

मुंबईहून परतताना एसटीत तो खिडकीबाहेर बघत बसला. आता हा आवाज कुठे शोधायचा? कुठल्या बाजारात मागायचा? घरी पोचल्या पोचल्या त्याने मोबाइल काढून तिच्यासमोर धरला.

"सकू, गा."

"काय गाऊ?"

"धवला. हळदीचा. कुठचाबी. मी धरून ठेवतो यात."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने चुलीत लघवी करायला सांगितलं असावं. "लग्नाबिगर?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अवो, देवांना हाक मारायची असते ती. या म्हनायचं आनि मांडव नाय, नवरी नाय, हळद नाय? घरी बोलवून दार लावून घेतल्यासारखं झालं ना. मी नाय असलं करनार."

राघोने विनवलं, चिडला, भांडला. शेवटी रडलासुद्धा, पण तिकडे तोंड फिरवून. सकुबाई बधली नाही. एवढंच म्हणाली, "कुठं लग्न असंल तर सांगा. तितं गाईन. मंग तुमी माईक लावा नायतर भोंगा लावा."

आता घोडं इथे अडलं. लग्नाचे मुहूर्त संपत आलेले. ऑपरेशनची तारीख डोक्यावर. आणि सकुबाईला नारळ घेऊन बोलवायला येणारं घर या वर्षी एकही नव्हतं. धवलारीण आपण होऊन कुणाच्या दारात जात नाही. नारळ-सुपारी घेऊन घरची माणसं येतात, पाया पडतात, मग ती उठते. राघोने आसपासच्या गावांत चौकशी केली. एक लग्न सापडलं, ते शहापुरात. त्याच्या चुलतभावाच्या, धाऊच्या मुलीचं, वैष्णवीचं. धाऊ बरीच वर्षं शहापुरात राहून दोन मजली घर बांधून बसला होता. पत्रिका आली होती. नारळ आला नव्हता.

लग्नाचं पुढे बघू, आधी माइक बघू, असं राघोने ठरवलं. माणूस घाबरला की जे हाताला लागेल ते काम करतो. तो पुतण्याकडे, दीपेशकडे गेला. दीपेश म्हणजे मोठ्या भावाचा मुलगा. मुरबाडला त्याचा सभा-भजनांना स्पीकर लावायचा धंदा होता. काकाचं सगळं त्याने ऐकून घेतलं.

"काका, आपला धंदा आवाज मोठा करायचा," तो म्हणाला. "पकडायचा नाय. ते येगळं काम हाय. गाण्याच्या मैफिली रेकॉर्ड करनारे लोक दोन कानांचे माईक वापरतात, स्टिरिओ. डाव्या बाजूचं डावीकडं, उजव्या बाजूचं उजवीकडं. ऐकताना वाटतं समोर बसलोय."

"मंग तेच पाहिजे."

"महाग असतात."

"स्वस्तातले बघ."

"स्वस्तातले शंभर प्रकारचे असतात, काका. त्यातलेच निवडायला कठीण."

दोघे शहापूरला गेले. स्टेशनच्या रस्त्यावर मितेशचं दुकान होतं. मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळं विकायचा. दीपेशचा तो जुना ओळखीचा. त्याने काउंटरवर एकेक मांडलं. मोबाइलच्या बुडाला खोचायचा, अंगठ्याएवढा, दोन तोंडांचा. मग हातात धरायचं एक यंत्र, ज्याच्या डोक्यावर दोन माइक एकमेकांकडे तिरपे वळलेले. मग स्टँडवरची पेनासारखी लांबट जोडी, जिला वेगळी वीज लागते आणि वेगळी पेटी लागते. त्या जोडीची किंमत ऐकून राघोने पुढे केलेला हात मागे घेतला.

"हे राहू द्या," मितेश म्हणाला. "बाहेरच्या कामाला कटकट आहे. पहिले दोन घेऊन जा. वापरून बघा, जमलं नाही तर परत आणा. काकींचं काम आहे, मी काही बोलणार नाही."

टोकावड्याच्या देवळात एकादशीचं भजन होतं. तिथे दोन्हींची परीक्षा झाली. अंगठ्याएवढ्याने पंख्याची फरफर तेवढी इमानदारीने टिपली; बुवा त्या फरफरीत कुठेतरी बुडालेले. दुसरं यंत्र मात्र कमाल निघालं. टाळ उजवीकडे, पखवाज डावीकडे, मागे पोरांची दंगल, कुणीतरी खोकलं ते खोकणंसुद्धा जागच्या जागी. घाटाकडे जाणाऱ्या एसटीने गिअर बदलला तोही आला. दीपेश हरखून गेला.

"काका, डोळे मिटा! देवळातच बसल्यासारखं वाटतंय का नाय?"

राघोने हेडफोन कानावर दाबून धरला होता. त्याच्या बहिऱ्या कानांना त्या सगळ्या गलक्यातून बुवाचा एक शब्द लागेना. बाकीच्यांना देऊळ ऐकू येत होतं. त्याला नुसती गिरणी.

"मला देऊळ नको रे," तो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "मला तुझी काकी पाहिजे. बाकी जग गेलं उडत. हितं कानात येऊन बोलली पाहिजे."

दीपेशला तेव्हा कळलं, की काका मैफिलीचा माइक शोधतच नव्हता. दुसऱ्या दिवशी ते परत मितेशकडे गेले. मितेशने विचार करून एक छोटा खोका काढला. कॉलरला लावायचे, उडदाच्या दाण्याएवढे दोन माइक, प्रत्येकाला चिमटा आणि लांब वायर. दोन्ही वायरी एका छोट्या यंत्रात जायच्या. बिनवायरीचेही होते, पण स्वस्तातले बिनवायरीचे दोन्ही आवाज एकातच कालवून टाकतात, असं तो म्हणाला. शिवाय मांडवात शंभर मोबाइल. मध्येच खरखर आली तर काय करणार? राघोने वायरवाले विकत घेतले. यंत्र मितेशने दिलं वापरायला.

"धवल्याला दोघी लागतात ना?" दीपेश हिशेब मांडत म्हणाला. "एक ओळ टाकते, दुसरी झेलते. मंग बरोबर. एक चिमटा काकीच्या पदराला, एक आयच्या पदराला. काकी डाव्या कानात, आय उजव्या कानात."

आय म्हणजे भागीरथी, राघोची थोरली वहिनी. सकुबाई नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तिची प्रत्येक ओळ भागीरथीने झेललेली. धवल्याचा नियमच तो. टाकलेली ओळ दुसऱ्या तोंडाने जशीच्या तशी उचलायची, मग पहिलीने पुढची टाकायची. उचलली नाही तर देव वाटेतच थांबतो, पुढे येत नाही आणि मागेही जात नाही. हे राघोला ठाऊक होतं, पण माणसाला शेजारच्याचं पोट दुखणं जेवढं ठाऊक असतं तेवढंच.

माइक झाले. आता लग्न. राघो एक दिवस कुणाला न सांगता एकटाच शहापूरला धाऊच्या घरी गेला. पिशवीत नारळ, सुपारी, विड्याची पानं. जे नारळ सकुबाईच्या दारात यायचे ते घेऊन सकुबाईचा नवरा दुसऱ्याच्या दारात उभा राहिला. अडला हरी गाढवाचे पाय धरी म्हणतात. धाऊ काही गाढव नव्हता, पण पाय धरावे लागलेच.

"धाऊ, तुझ्या वहिनीला हळदीला बोलव. हा नारळ तूच घेऊन ये घरी. मी दिला ते सांगू नको."

धाऊ ओशाळला. "दादा, आमी डीजे सांगितलाय. पोरं नाचनार. वहिनीचा अपमान व्हायचा."

"नाय व्हायचा. हळद दळताना तेवढंच गाईल. तवर तुझा तो डीजे बंद ठेव. आयुष्यभर काय मागितलं नाय तुझ्याकडं."

धाऊची बायको अंजू दारात उभी राहून ऐकत होती. ती वाईट बाई नव्हती. पण पोरीचं लग्न म्हटलं की आई कशालाही भिते. "दादा, वहिनींना काय झालंय म्हनतात ना? गळ्याचं? पहिली हळद त्यांच्या हातची म्हंजे…" तिने वाक्य अर्धंच सोडलं.

राघो खोटं बोलला. "घसा बसलाय तिचा. हवामान बदललं ना. दुसरं काय नाय." बोलताना त्याला स्वतःची शिसारी आली. पण तो बोलला, आणि वर वाकून धाकट्या भावजयीच्या पायाकडे हात नेला. अंजूने "अवो दादा, काय करताय!" म्हणत तो वरच्या वर धरला आणि लाजेने होकार दिला.

दोन दिवसांनी धाऊ टोकावड्याला नारळ घेऊन आला. सकुबाईने अंगणातच त्याला पाहिलं. तिचा चेहरा असा फुलला की राघोला बघवेना. तिने घाईघाईने पदर सारखा केला, पाट मांडला, नारळ दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावला. "शहापूरला ऱ्हाऊनबी विसरला नाय रे," ती म्हणाली. धाऊने खाली मान घातली. राघो गोठ्याकडे निघून गेला.

हळदीच्या दिवशी दुपारी धाऊच्या दारात गर्दी होती. गेटपाशी डीजेची पोरं पेट्या रचत होती. आतल्या खोलीत जातं मांडलेलं. रंगवलेलं, फुलांच्या माळा घातलेलं, फोटोसाठी. खरी हळद पाकिटातली आली होती, तरी मूठभर हळकुंडं दळायला ठेवली होती. दीपेशने सकुबाईच्या पदराला एक चिमटा लावला, आईच्या पदराला दुसरा. यंत्र दोघींच्या मध्ये चटईखाली. त्याने यंत्राला लांब वायरीने जोडलेला हेडफोन राघोच्या डोक्यावर चढवला आणि डीजेवाल्यांना थोपवून धरायला गेटकडे गेला.

राघो उंबऱ्यात उभा राहिला. बायका हसल्या. "भावोजी, हळद लावायची का तुमालाबी?" त्याला ऐकू आलं नाही. त्याच्या डाव्या कानात सकुबाई श्वास घेत होती. इतक्या जवळून त्याने तिचा श्वास कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. त्यात बारीक घरघर होती, चाळणीतून कोंडा पडावा तशी. मग ती घरघर थांबली आणि तिने ओळ टाकली.

"शिवेवरच्या देवा रे, वाट नको चुकू…"

आवाज फाटलेला होता. तळाशी खरड होती. पण तो तिचाच होता, आणि कानाच्या आत होता. राघोचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ही बाई असं गात होती आणि मी डेग ढवळत बसलो? त्याला स्वतःला थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात उजव्या कानात भागीरथीचा खणखणीत आवाज कडाडला, "शिवेवरच्या देवा रे, वाट नको चुकू…" आणि सकुबाईच्या सुराचा शेवटचा थरथरता भाग त्याखाली चिरडला गेला.

दुसरी ओळ.

"लेकीच्या कपाळी लाव हळद नि कुकू…"

या ओळीच्या अखेरीस सकुबाईचा आवाज अडकला. ती पुन्हा धरायला बघत होती. आणि भागीरथीने, जशी आयुष्यभर सावरत आली तशी सावरायला, लगेच ओळ उचलली. राघोला फक्त एवढंच कळलं की बायको बुडतेय आणि कुणीतरी तिच्या डोक्यावर पाय देतंय.

"वहिनी, गप ऱ्हा!" तो ओरडला. कानावर हेडफोन, आपण किती मोठ्याने ओरडतोय तेही त्याला कळलं नाही. "तुमी गप ऱ्हा! तिला गाऊ द्या! तिचाच आवाज पाहिजे मला, तुमचा नको!"

जातं थांबलं. भागीरथी तोंड उघडं तसंच ठेवून बसून राहिली. मांडवात, हळदीच्या वेळी, थोरल्या वहिनीला सगळ्या बायकांदेखत गप बस म्हणणारा पुरुष त्या घराण्यात आजवर झाला नव्हता. आणि झेलणारीला गप केलं म्हणजे धवला मोडला, हे उंबऱ्यातल्या त्या शहाण्याच्या डोक्यात शिरलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, माइक दोन आहेत तर एक बंद करता येतो.

अंजूचा तोल गेला. पोरगी समोर पाटावर बसलेली, अंगावर पहिली हळद पडायची बाकी, आणि गाणं अर्ध्यात तुटलेलं. "दादा, काय केलंत वो हे!" ती म्हणाली. "तुमीच नारळ घेऊन आलात, पाया पडायला लागलात, म्हनून आमी हो म्हनलं. आनि आता माझ्या लेकीच्या हळदीत अपशकुन करता?"

 सकुबाईने हळूच मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिला सगळं एकदम कळलं. नारळ कुणाचा, धाऊने मान खाली का घातली, हा गोठ्याकडे का पळाला. राघोला वाटलं, आता ही उठणार. पदराचा चिमटा काढून माझ्या अंगावर फेकणार आणि चालू लागणार, आणि मी तिच्याकडून शेवटचं ऐकलं ते हे एवढंच राहणार. त्याने हेडफोन काढला. 

"सकू," तो म्हणाला, "मी भिलो गो. तुझा आवाज जानार. मंग मी काय करू घरात? मला दुसरं काय सुचलं नाय."

सकुबाई उठली नाही. तिने जात्याचा खुंटा हातातून सोडला नव्हता.

"वरडू नका," ती म्हणाली. अगदी हळू, घोगरं. पण खोली इतकी शांत होती की त्यालासुद्धा ऐकू आलं. "तुमाशी मी घरी बोलेन, बोलता येईल तवर. आता ओळ अधांतरी हाय. देव शिवेवर उभा हाय. पोरीची हळद खोळंबलीय. ती ओळ कुनी झेलल्याबिगर मला उठता येत नाय."

बायकांनी भागीरथीकडे पाहिलं. भागीरथीने आपल्या पदराचा चिमटा काढला. तिचे डोळे रागाने लाल होते. तिने वायर ओढून घेतली. ती उंबऱ्यापर्यंत पोचेना. "या हितं," ती म्हणाली. "या, बसा माझ्या जागी. मी नको ना तुमाला? मंग तुमी झेला."

राघो आत गेला. बायकांच्या मधून, लुगड्यांवर पाय पडणार नाही असा चाचपडत, तो जात्यापाशी जाऊन मांडी घालून बसला. भागीरथीने त्याच्या सदऱ्याला चिमटा लावला, जरा जोरातच. कुणीतरी फिसकन हसलं. अंजू म्हणाली, "पुरुषानं धवला झेललेला कुठं ऐकलाय का?" भागीरथी म्हणाली, "पुरुषानं मोडलेला तरी कुठं ऐकलाय? ज्यानं मोडला त्यानंच जोडायचा."

सकुबाईने ओळ पुन्हा टाकली. "लेकीच्या कपाळी लाव हळद नि कुकू…" राघो तिच्या ओठांकडे बघत होता. हेडफोन नव्हता, ऐकू अर्धंच येत होतं. त्याने तोंड उघडलं. जो आवाज निघाला त्याला सूर म्हणणं पाप होतं. गिरणीचा पट्टा घसरावा तसा तो निघाला, वर गेला, कुठेतरी आपटला. पण शब्द बरोबर होते. बायका पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. पाटावरची वैष्णवीसुद्धा हसली. सकुबाई हसली नाही. तिने पुढची ओळ टाकली. तो ओठ वाचत राहिला आणि उचलत राहिला. जिथे तिचा आवाज अडकला तिथे तो थांबला, तिने श्वास घेतला, मग त्याने उचललं. कुणीतरी हळद पोरीच्या गालाला लावली. गेटवर डीजेच्या पोरांचा धीर सुटला आणि पहिला ठोका पडला, तेव्हा गणपती, गावदेवी, शिवेवरचा देव, सगळे मांडवात येऊन बसले होते. त्यानंतर सकुबाईला बोलताच येईना. भागीरथीने तिला पाणी पाजलं.

घरी जाताना दोघी जावा गाडीत पुढे बसल्या आणि राघोशी एक शब्द बोलल्या नाहीत. सकुबाई त्याच्याशी बोलली ती थेट दुसऱ्या दिवशी, आणि जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ते सगळं खाली मान घालून ऐकलं. शिव्यासुद्धा संपू नयेत असं त्याला वाटत होतं.

ऑपरेशन झालं. जीव वाचला. गळ्याला भोक, त्यात नळी, आणि सकुबाई हॉस्पिटलच्या खाटेवर उशीला टेकून खिडकीबाहेर बघत असायची. राघो दिवसभर स्टुलावर बसून असायचा. तिच्या बोटांच्या खुणा त्याला समजत नसत आणि त्याचं ओरडणं तिला आवडत नसे.  दीपेशने राघोने झेलला तेवढा धवला मोबाइलमध्ये घालून दिला होता, पण राघोने तो एकदाही लावला नव्हता. त्याला ठाऊक होतं त्यात काय आहे. एवढे माइक शोधले, एवढी लाज सोडली, आणि शेवटी बायकोच्या आवाजाला स्वतःच्या रेड्यासारख्या रेकण्याची जोड लावून ठेवली.

एका दुपारी दीपेशचा फोन आला. राघोच्या चेहऱ्यावर आशा उमटली. फोन ठेवून तो सकुबाईच्या जवळ सरकला आणि शक्य तितक्या हळू म्हणाला, "दीपेस म्हनतो, दोन्ही बाजू येगळ्या हायेत. माझी बाजू पुसून टाकता येते. मंग निस्ता तुझाच आवाज ऱ्हाईल. एकदम स्वच्छ. मी हो म्हनून सांगितलं."

सकुबाईने त्याच्याकडे पाहिलं. मग मान हलवली: नाही. त्याला वाटलं तिला समजलं नाही. त्याने पुन्हा सांगायला सुरुवात केली. तिने त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. उशाशी पडलेली इअरफोनची वायर तिने उचलली, दोन्ही टोकं डोळ्यांपाशी नेऊन त्यांच्यावरची अक्षरं बघितली. डावं कुठलं, उजवं कुठलं हे तिला वाचता येत नव्हतं. तिने एक टोक कानाला लावलं आणि मोबाइलकडे बोट दाखवलं. राघोने धवला लावला. क्षणभर ऐकून तिने ते टोक काढून त्याच्या कानात घातलं. दुसरं स्वतःच्या कानात घातलं.

राघोच्या कानात सकुबाई होती. तिची घरघर, तिचा श्वास, "लेकीच्या कपाळी लाव हळद नि कुकू". मग ओळ संपली आणि त्याच्या कानात नुसती शांतता आली, लांबून आल्यासारखी कुणाची तरी पुसट हाक. त्याने वळून पाहिलं. त्या शांततेत सकुबाईच्या कानात तो गात होता. तिने डोळे मिटले होते. ती तोंड उघडून, खांदे गदगदा हलवत, आवाज न करता हसत होती, इतकी की नळीतून नुसता वारा फुसफुसत होता आणि शेजारच्या खाटेवरची बाई घाबरून नर्सला हाक मारू लागली होती.

तुकडा संपला. राघो ढसाढसा रडत होता. सकुबाईने डोळे पुसले, आधी स्वतःचे, मग त्याचे, आणि बोटाने मोबाइलवर टकटक केलं. पुन्हा लाव.